बागरातवा तेवढं राहिलं

काकाजी चहा बशीत ओतायचे आणि बशी डाव्या हातात धरायचे. उजवा हात मोकळा ठेवायचा. कशासाठी, ते त्यांना स्वतःलाही सांगता यायचं नाही.

पाकीट हातात आलं की आधी पिनकोड वाचायचे, मग गाव, मग नाव. लग्नपत्रिका असली तरी तेच.

उभे राहायचे ते पाय फाकवून, गुडघे जरासे सैल सोडून. घराची फरशी कधीही धक्का देईल अशा बेतानं.

सुतळीची गाठ दातांनी सोडायचे. कात्री शेजारीच पडलेली असायची.

मेथी निवडायला बसले की पानं एकीकडे, काड्या एकीकडे, एवढ्यावर भागायचं नाही. पानं लहान, मध्यम, मोठी अशी वेगळी व्हायची. शिजायची मात्र एकाच कढईत.

आणि रोज दिवेलागणीला एका लांबोड्या वहीत त्या दिवसाच्या चुका लिहायचे. ‘दुधाखालचा गॅस तसाच राहिला.’ ‘चष्मा डोक्यावर, शोध अर्धा तास.’ ‘वरच्या अमिताला सुनेत्रा म्हटलं. दोनदा.’ सुनेत्रा ही त्यांची बहीण. ती जाऊन नऊ वर्षं झाली होती.

दुर्वाला या सगळ्या सवयी पाठ होत्या. देवदत्त पोतनीस जबलपुरात चेरीतालच्या आपल्या घरात खाली राहायचे, आणि दुर्वा वरच्या मजल्यावर, आई अमिता आणि बाबा चंद्रशेखर यांच्याबरोबर, भाड्यानं. बाबांची बँकेतली बदली अमरावतीहून जबलपूरला झाली तेव्हा ती दहा वर्षांची होती. आता चोवीस. इंग्रजी साहित्यात एम.ए. होऊन घरी बसली होती, म्हणजे नोकरी शोधत होती. पोतनीसांना ती काकाजी म्हणायची. शाळेतल्या हिंदीनं तिला ‘काका’वर थांबू दिलं नव्हतं. ते तिला मराठी बोलताना पकडायचे.

“मी जा रही हूँ म्हणाली तू आत्ता.”

“नाही काकाजी, जाऊन राहिली म्हटलं.”

“आईला म्हणालीस ते मी जिन्याखालून ऐकलं. लिहू का वहीत?”

“माझी चूक तुमच्या वहीत काहून?”

“माझ्या घरात झाली ना. ज्याच्या हद्दीत चूक, त्याच्या वहीत.”

हा हद्दीचा कायदा नोकरीतला. काकाजी रेल्वेच्या टपालडब्यात होते. चालत्या गाडीत पत्रं वेगळी करायची, गावागावाच्या थैल्या बांधायच्या, लाख लावायची, स्टेशन आलं की थैली उतरवायची, नवी चढवायची. जबलपूर ते इटारसी आणि परत. एकतीस वर्षं. पुढे डब्यातलं काम बंद झालं आणि शेवटची काही वर्षं स्टेशनाजवळच्या ऑफिसात बसून गेली. ती वर्षं ते मोजत नसत.

डब्याच्या खिडक्यांना दाट जाळी होती. काम बहुतेक अंधारात चालायचं. दिवसाची पाळी आली तरी मान वर करायची सोय नव्हती. समोर लाकडी खान्यांची मोठी चौकट, प्रत्येक खान्यावर एका गावाचं नाव. हात आपोआप जायचा.

त्यांची बायको विनताकाकू. तिला हिंडायची फार हौस. ती विचारायची, “पिपरिया कसं आहे हो? तिथूनच पचमढीला जातात ना?”

ते सांगायचे, “पिपरिया ना? दुसऱ्या ओळीत तिसरा खाना.”

ती हसायची. मैत्रिणींनाही सांगायची, आमच्या यांना विचारा, सगळं जग खान्यात आहे. आणि कुठं जाऊ या म्हटलं की यांचं उत्तर ठरलेलं. मी रोजच गाडीत असतो, सुट्टीत तरी घरी बसू दे. निवृत्तीनंतर जाऊ म्हणाले. निवृत्तीनंतर तिचे गुडघे गेले, मग मूत्रपिंड. तीन वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या आठवड्यात तिनं पुन्हा पिपरियाचं विचारलं होतं. तापात विचारलं असेल. पण काकाजींना उत्तर आलं नाही, आणि या वेळी खाना सांगायला त्यांची जीभ रेटली नाही.

हे त्यांनी दुर्वाला एकदाच सांगितलं. करेलीच्या फलाटावर, गुळाची पुडी सोडता सोडता.

विनताकाकू गेल्यावर सहा महिन्यांनी त्यांनी ठरवलं. ज्या ज्या स्टेशनावर आपण थैली उतरवली ते प्रत्येक गाव उजेडात बघायचं. अशी सतरा गावं होती. एका वेळी एकच गाव. सकाळच्या गाडीनं जायचं, उतरायचं, चालायचं, काहीतरी खायचं, परत यायचं. मुलगा श्रीपाद हैदराबादला. तो फोनवर म्हणाला, “बाबा, एकट्यानं नाही.” म्हणून दुर्वा. सुरुवातीला ती आईनं ढकललं म्हणून गेली. नंतर स्वतःहून जायला लागली.

पहिल्याच फेरीत फजिती झाली. काकाजी स्टेशनातून बाहेर पडून तरातरा निघाले. दुर्वा मागे. दहा मिनिटांनी दोन्ही बाजूंना तुरीची शेतं.

“काकाजी, गाव कुठं आहे?”

“असायला पाहिजे. थैली याच बाजूनं द्यायचो मी.”

गाव रुळांच्या पलीकडे होतं. थैली घेणारा माणूस रूळ ओलांडून येत असणार, हे त्यांना एकतीस वर्षांत कळायचं कारण नव्हतं. ते शेतात उभे राहून पोट धरून हसले. मग खिशातून कागद काढून त्यावर लिहिलं, ‘गाव डाव्या हाताला.’

तिथून तो नकाशा सुरू झाला. विनताकाकू ब्लाउज शिवायच्या. माप कापायला त्यांनी कमानिया गेटजवळच्या दुकानातून खाकी कागदाची गुंडाळी आणलेली होती, तिच्यातली अर्धीअधिक उरलेली. काकाजींनी तिच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेन्सिलीनं रुळांच्या जागा आखल्या. मग एकेक गाव बघून आले की तेवढा तुकडा शाईनं पक्का करायचा. गाव कुठल्या हाताला, नळ कुठे, पिंपळ कुठे, भजी कुणाकडची चांगली. गाडरवाऱ्याच्या खाली लिहिलं होतं, ‘डाळीचे दलाल सकाळी दहालाच जांभया देतात.’ पिपरियाखाली फार काही नव्हतं. ‘मोठं आहे. रंगीत आहे. पचमढीच्या जीपवाले मागे लागतात. विनता गेली असती.’

दुर्वानं वाचलं आणि गुंडाळी पुढे सरकवली.

दोन वर्षांत सोळा गावं झाली. दरम्यान चुकांची वहीही जाड होत गेली. पूर्वी आठवड्याला पान भरायचं नाही, आता दिवसाला अर्धं. एकदा ते म्हणाले, “पत्ता चुकीचा लिहिलेला असला तरी आम्ही माणूस शोधून काढायचो, दुर्वा. आता बरोबर लिहिलेलाही ओळखू नाही येऊन राहिला.”

“वय झालं की होतं काकाजी.”

“वय सगळ्यांचंच होतं. मी वयाला नाही भीत. सतरा व्हायच्या आत पहिली सोळा पुसली जातील, त्याला भितो.”

सतरावं बागरातवा. ते त्यांनी मुद्दाम मागे ठेवलं होतं, गोड घास शेवटी खातात तसं. त्या बाजूला गाडी बोगद्यातून जाते, आणि मग तवा नदीचा पूल. पुलाचा आवाज बदलला की इटारसीच्या थैल्यांची तोंडं बांधायची, हे त्यांच्या डब्याचं घड्याळ होतं. त्या आवाजावर त्यांनी एकतीस वर्षं गाठी मारल्या. नदी एकदाही बघितली नव्हती. पलीकडची गावं बघायला गेले तेव्हाही पूल येताच डोळे मिटून घेतले, नदी बागरातव्याला उतरूनच बघायची म्हणून.

सप्टेंबरात डॉक्टरांनी श्रीपादला फोनवर स्मरणशक्तीबद्दल काहीतरी सांगितलं. श्रीपादनं ठरवून टाकलं. दिवाळी झाली की बाबा हैदराबादला, घराला कुलूप. काकाजींनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, “चलो, दिवाळीपर्यंत वेळ आहे.”

वेळ होता. पण त्यातले दोन रविवार दुर्वाचे गेले. एक मैत्रिणीच्या लग्नाच्या खरेदीत, दुसरा एका शाळेतल्या मुलाखतीच्या तयारीत. मुलाखत गुरुवारी होती.

“येत्या रविवारी नक्की काकाजी. मुलाखत झाली की मी मोकळी.”

“अच्छा. रविवार.” त्यांनी कॅलेंडरवर गोल केला.

गुरुवारी सकाळी दुर्वाच्या बाबांना ताप होता. ते बँकेत गेले नाहीत. दुर्वा आठलाच स्कूटी घेऊन शाळेत गेली. फोन बंद केला. साडेअकराला बाहेर येऊन सुरू केला तर काकाजींचे अकरा कॉल. बारावा तेवढ्यात आला.

“दुर्वा, तू कोणत्या डब्यात आहेस?”

तिला समजेना. “मी शाळेत आहे काकाजी. मुलाखत होती ना.”

“मी सगळे डबे बघून राहिलो. तू दिसत नाहीस. आणि तवा पण आला नाही अजून.”

तिच्या हातातली फाईल खाली पडली. फोनमध्ये गाडीचा आवाज होता.

“काकाजी, आज गुरुवार आहे.”

त्यांनी डब्यातल्या कुणाला तरी वार विचारलेला तिला ऐकू आला.

“चंद्रशेखर घरी होता,” ते सावकाश म्हणाले. “त्याची गाडी अंगणात होती. तुझी नव्हती. मला वाटलं रविवार. तू पुढं गेलीस.”

“बाहेर बघा. स्टेशन आलं तर नाव वाचा मला.”

गाडी हळू झाल्याचं तिला फोनवर कळलं. मग त्यांनी वाचलं. सिहोरा रोड.

ते दुसऱ्याच दिशेला होतं. इटारसीकडे नव्हे, कटनीकडे. एकतीस वर्षं काकाजींनी कधी गाडीची पाटी वाचली नव्हती. त्यांचा डबा ठरलेल्या फलाटावर, ठरलेल्या जागी उभा असायचा. त्या जागेसमोर जे दार येईल ते आपलं. त्या सकाळीही ते त्या जागी जाऊन उभे राहिले, समोर दार आलं, आणि ते चढले.

“तिथं उतरा काकाजी. बाकावर बसा. मी येते. हलू नका.”

चाळीस किलोमीटर तिनं कसे कापले ते तिला आठवत नाही. ट्रक आठवतात. मुलाखतीसाठी नेसलेली आईची साडी चाकात जाईल म्हणून कमरेला खोचलेली, एवढं आठवतं.

काकाजी बाकावर बसले होते, हातात कागदी द्रोण. शेजारी मझौलीच्या बाजाराला निघालेला एक माणूस मेथीची जुडी मांडीवर घेऊन बसला होता. तो तिच्याकडे बघून उठला.

“डेढ़ घंटे से बैठे हैं. पोहा हमने खिला दिया. बिटिया, बाबूजी को अकेले मत छोड़ा करो.”

तिनं त्याला हात जोडले. तो गेल्यावर ती काकाजींच्या शेजारी बसली. त्यांनी पिशवीतून वही काढली होती. ती कधी सोबत आणत नसत, आज आणली होती. त्यात ताजी ओळ होती. ‘गुरुवार. मिससेंट, सिहोरा.’

“मिससेंट म्हणजे?”

“चुकून दुसऱ्या थैलीत गेलेलं पत्र. ते भलत्याच गावी उतरतं. मग तिथला माणूस त्याच्यावर मिससेंटचा शिक्का मारतो आणि पुढं धाडतो. फाडत नाही, परत पाठवत नाही. पत्राची कधीच चूक नसते. चूक सॉर्टरची.”

“मग इथं पत्र कोण आणि सॉर्टर कोण?”

त्यांनी द्रोण चुरगाळून मुठीत धरला. “तेच समजून नाही राहिलं.”

परतीला ते स्कूटीवर मागे बसले. गोसलपूरला चहा प्यायला थांबले. त्यांनी चहा बशीत ओतला, बशी डाव्या हातात घेतली. उजवा हात आज मोकळा नव्हता, त्यानं पिशवीतली वही धरली होती.

“दुर्वा, श्रीपादला सांगू नकोस.”

“नाही सांगत.”

“रविवारनंतर मीच सांगतो. जायच्या आधी तेवढं एक होऊ दे.”

“हो काकाजी.”

संध्याकाळी दुर्वा घरी बसून होती. ताप उतरलेले बाबा टीव्ही बघत होते. खाली काकाजी कुणाशी तरी बोलत होते. ती जिन्यात गेली. खाली कुणी नव्हतं. ते स्वयंपाकघरात उभे राहून गावांची नावं म्हणत होते, एकापाठोपाठ एक, जबलपूरपासून. सोहागपूरला अडखळले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथेच अडखळले.

तिनं वर येऊन श्रीपादला फोन लावला. सगळं सांगितलं. शेवटी तो म्हणाला, “बरं झालं सांगितलंस. मी येतो.” तिला त्याचा राग येईल असं वाटलं होतं, तोही आला नाही.

श्रीपाद शनिवारी सकाळच्या विमानानं आला. संध्याकाळच्या विमानाची दोन तिकिटं घेऊनच.

दुर्वा खाली गेली तेव्हा एक बॅग भरून तयार होती. श्रीपाद बाहेर गॅसच्या सिलिंडरचं काहीतरी बघत होता. काकाजी पलंगावर बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“तूच सांगितलंस ना?”

“हो.”

“बरोबर केलंस. तुझ्या जागी मी असतो तरी सांगितलं असतं.” मग त्यांनी शर्टाची बाही नीट केली. “सोमवारी सांगायचं होतं.”

ती म्हणाली, “मी श्रीपाददादाला विचारते. उद्याचा एक दिवस. मी नेते, मी आणते, तिघं जाऊ.”

तिनं विचारलं. श्रीपाद वाईट माणूस नव्हता. त्यानं खरंच विचार केला. सोमवारी सकाळी हैदराबादच्या डॉक्टरांची वेळ मिळाली होती, तीही महिनाभर थांबून. “दिवाळीत आणतो ना त्यांना,” तो म्हणाला. “मी स्वतः तवा दाखवतो. दुर्वा, तू बघितलंस ना त्यांना त्या बाकावर?”

तिनं बघितलं होतं. ती बॅग आणायला आत गेली.

टॅक्सी आली तेव्हा काकाजींनी खाकी कागदाची गुंडाळी तिच्या हातात दिली. “विमानात मोडेल. इथंच राहू दे.”

हैदराबादहून ते आठवड्याला फोन करायचे. सुरुवातीला सवयीच्या चौकशा. शाळेत नोकरी लागली का, आईला कसं आहे. नवव्या मजल्यावर राहत होते. “इथून सगळं दिसतं,” ते म्हणाले. “ओळखीचं काही नाही.” नंतर नंतर ते विचारायचे, आपण करेलीला गेलो होतो का. ती सांगायची, गेलो होतो काकाजी, गूळ आणला. “पिपरिया कसं आहे?” त्यांनी एकदा विचारलं. तिनं नकाशा उघडून त्यांचंच वाचून दाखवलं. मोठं आहे, रंगीत आहे. ते ऐकत राहिले. शेवटचं वाक्य तिनं वाचलं नाही.

दिवाळीत ते आले नाहीत. प्रवासाला डॉक्टर नको म्हणाले.

दिवाळीनंतर अकराव्या दिवशी श्रीपादचा निरोप आला. ‘बाबा आज सकाळी गेले. झोपेतच.’ दुर्वा तेव्हा नववीच्या वर्गात होती. मुलाखत झाली त्याच शाळेत. तिनं फोन उलटा ठेवला आणि तास पूर्ण केला. काय शिकवलं ते तिला विचारू नये. घंटा झाल्यावर एका मुलीनं सांगितलं, मॅडम, तुम्ही एकच परिच्छेद तीनदा वाचलात.

खालचं घर अजून बंद आहे. आईनं दोनदा म्हटलं, एखाद्या रविवारी तूच जाऊन ये बागरातव्याला, त्यांच्या जिवाला बरं वाटेल. दुर्वा अजून गेलेली नाही. गाव कसं आहे याचं उत्तर विनताकाकूंना द्यायचं होतं, आणि ते काकाजींनी बघून द्यायचं होतं. दुसऱ्यानं बघून ते कसं देता येईल, ते तिला कळत नाही.

एका दुपारी तिनं गुंडाळी पलंगावर पसरली. जबलपूरपासून सोहागपूरपर्यंत शाई पक्की. पलीकडे सोनतलाईपासून इटारसीपर्यंतही पक्की. मधे चार बोटांची जागा. तिथे पेन्सिलीनं नाव, खाली प्रश्न, ‘गाव कुठल्या हाताला?’ आणि तिथून पुढे नदीच्या दोन रेघा, त्यांवर पूल. पुलाचे खांब काढायला त्यांनी सुरुवात केली होती. दोन काढले होते, कारण दोन तर असणारच. बाकीचे किती ते मोजून आल्यावर काढायचे होते.